डॉर्कसचं बेणं

कोल्डरिग, डरहॅम परगणा
ता. १७ जानेवारी १९२६

ती. हेस्टरताईस,
धाकट्या एनॉकचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र पोचलं आणि वॉल्टरदाजींनी पाठवलेलं ओटचं पीठही पोचलं. थिरझाने त्याच्या इतक्या प्रकारच्या पेजा केल्या की ऑलिव्ह आता आईला विचारते, हे तर घोड्यांचं खाणं, आत्या घोडे पाळते का. थंडी मरणाची आहे. बाबांचा खोकला नेहमीचाच. खाणीतून निवृत्त झाले तरी खाण छातीतून निवृत्त होत नाही. मी हे सगळं आधी लिहितोय, म्हणजे पुढची बातमी वाईट आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

चाचणीचा निकाल लागला. आपला डॉर्कस नापास झाला.

तुला मागचं ठाऊक आहेच, तरी सलग सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गार्बटच्या तुकड्यात बटाट्याला चामखीळ लागली, तो गाठी येऊन कुजवणारा रोग. तेव्हापासून कोल्डरिगच्या सगळ्या मळ्यांवर सरकारी बंदी आहे. जे वाण चामखिळीला दाद देत नाहीत असं तपासून ठरलंय, तेवढेच लावायचे. बाबांचा बटाटा कुणाच्या यादीत असणार? तू जन्मलीस त्या वर्षी त्यांनी हिरव्या बोंडातलं बी पेरून तो उठवला आणि आईचं नाव दिलं. आपल्या घराबाहेर तो कुणी लावलेलाच नाही. म्हणून मी पिशवीभर बटाटे तपासणीच्या शेतावर पाठवले होते. निकाल लागेपर्यंत आम्हा खाणवाल्यांना तुकडे देणाऱ्या मळा कमिटीने बाबांना कोपऱ्यात दोन ओळी लावू दिल्या. आता उत्तर आलं. एका ओळीचं आहे. रोगाला बळी पडतो, लावू नये.

बाबांनी कागद वाचला, घडी घातली आणि लीक कांद्याच्या वाफ्याकडे निघून गेले. संध्याकाळी म्हणाले, की कोपऱ्यात दोन वर्षं एक डागसुद्धा पडला नाही, तो तपासणीवाला आंधळा असला पाहिजे. मी म्हटलं, कोपऱ्यातली माती चांगली होती म्हणून वाचला. त्यावर माझ्याशी बोलणं बंद.

पण लावायला काहीतरी हवंच. दाजींना विचारून सांग, कुठलं बेणं घेऊ. कमिटीच्या यादीतून मी तीन नावं काढली, ती बाबांना वाचून दाखवली. मॅजेस्टिकबद्दल म्हणाले, दिसायला जावई आणि चवीला साबण. ग्रेट स्कॉटबद्दल म्हणाले, की स्कॉट लोकांनी स्वतःला ग्रेट म्हणवून घ्यायचं आणि ते आपण उकडून खायचं, हे कुणी ठरवलं? केर्स पिंकचे डोळे म्हणे इतके खोल की अर्धा बटाटा सालाबरोबर जातो. हे दाजींना वाचून दाखवू नकोस.

बाबांच्या पलंगाखाली डॉर्कसची पेटी आहे, कोंब यायला लागलेत. ते खाऊन टाकायचे असं ठरलंय. बाबा हो म्हणाले.

सगळ्यांना आठवण सांग. धाकट्यावर माया आहे तशी असू दे.

तुझा
एनॉक

ब्रेहेड फार्म, स्कॉटलंड
ता. २ फेब्रुवारी १९२६

चि. एनॉक यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि दाजींना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, की सासऱ्यांना मॅजेस्टिकबद्दल जे वाटतं तेच त्यांनाही वाटतं, बाकीच्याबद्दल समोरासमोर बोलू.

आता ऐक. मॅजेस्टिक नको. दोन पोती केर्स पिंक आणि अर्धं पोतं ग्रेट स्कॉट मालगाडीने पाठवतेय. ग्रेट स्कॉट आधी काढायला येतो, भरपूर येतो, पण पोरांना पुरवून पुरवून द्यायचा तो केर्स पिंक. तो हिवाळाभर टिकतो. डोळे खोल असले तर थिरझाला सुरीचं टोक वापरायला सांग. यंदा कौतुकासाठी काही लावू नकोस, पोटासाठी लाव. मे महिन्यात कोळशाला मिळणारी सरकारी मदत थांबणार, मालक मजुरी कापणार, आणि तुम्ही लोक ऐकून घेणार नाही, हे इथे मेंढपाळसुद्धा बोलतात. तुम्हाला खाणीच्या दाराबाहेर काढलं तर मळ्यातल्या त्या तुकड्याशिवाय घरात खायला काय असेल, याचा विचार कर.

बाबांना सांग, डॉर्कस गेलेला नाही. लग्नात मी टोपलीभर आणला होता तो दर वर्षी आमच्या घरामागे एका ओळीत लावते. इथली माती स्वच्छ आहे. त्यांचा बटाटा इथे सुखात आहे.

आणि एक. बाबा हो म्हणाले, असं तू लिहितोस. मी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. आई गेल्यावर तिच्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून त्या खुर्चीवर भोपळे ठेवणारा माणूस हो म्हणतो, तेव्हा जरा पलंगाखाली वाकून बघावं.

थिरझाला व मुलांना आशीर्वाद. जमेल तितकं लवकर उत्तर धाड.

तुझी
हेस्टर

कोल्डरिग
ता. ५ एप्रिल १९२६

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

पोती पोचली. बेणं पाहून गार्बटसुद्धा गप्प झाला, आणि तो माणूस जेवतानाही गप्प नसतो.

रिवाजाप्रमाणे गुड फ्रायडेला लागवड झाली. सगळं गाव मळ्यात होतं. तुझा संशय फुकट गेला बघ. बाबांचा राग उतरलाय. स्वतः फावडं घेऊन आले. बाजूच्या सऱ्या माझ्याकडे दिल्या आणि मधला सगळा पट्टा स्वतः लावणार म्हणाले, कारण माझी सरी म्हणे दारू प्यालेल्यासारखी जाते. खोकत खोकत लावला, पण मला हात लावू दिला नाही. पलंगाखालची पेटी रिकामी आहे, मी वाकून पाहिलं. थिरझा म्हणते, तिने डॉर्कस शिजवल्याचं तिला आठवत नाही. बाबांनी सांगितलं, की शेजाऱ्यांना वाटले.

तुझा निरोप सांगितला. म्हणाले, स्कॉटलंडच्या मातीत तो डॉर्कस राहत नाही, नुसता बटाटा होतो.

मायेत खंड नको.

तुझा
एनॉक

कोल्डरिग
ता. ११ जुलै १९२६

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण तिकिटाचा विचार करावा लागतो. दहा आठवडे होत आले, खाणीच्या फाटकाला टाळं आहे. मालक म्हणतात कमी मजुरी आणि जास्त तास, आम्ही नाही म्हणतो. चॅपेलच्या हॉलमध्ये मुलांना दुपारी रस्सा मिळतो. मी आणि गार्बट राडारोड्याच्या टेकाडावर कोळशाचे तुकडे वेचतो. जो कोळसा काढायला आम्ही जन्म घालवला, तो आता चोरासारखा पिशवीत भरून आणायचा.

पण मळा पाहिलास तर खूश होशील. पाला कमरेला लागतो. केर्स पिंक निघाला की हिवाळ्याची भीती नाही, असं मी थिरझाला रोज सांगतो, आणि तिने आता स्वतःचं ताट अर्ध्यावर आणलंय ते तेवढ्यापुरतंच आहे असं ती मला सांगते. मधल्या पट्ट्याची बाबा जी काळजी घेतात ती आईचीसुद्धा घेतली नसेल. उजाडायच्या आत जातात आणि फुलं आली की खुडून टाकतात. त्यांचं म्हणणं, फुलं खुडली की सगळी ताकद खाली बटाट्यात उतरते. मी विचारलं, मग बाजूच्या सऱ्यांचीही खुडू का. म्हणाले, त्यांची राहू दे.

दाजींनी हे कधी ऐकलंय का?

लोभात ठेव.

तुझा
एनॉक

ब्रेहेड फार्म
ता. १५ जुलै १९२६

चि. एनॉक यास,
आशीर्वाद.

केर्स पिंकचं फूल पांढरं असतं. डॉर्कसचं जांभळं. उद्या बाबांच्या आधी मळ्यात जा आणि मधल्या पट्ट्यातलं एक फूल बघ.

काळजीत असलेली
हेस्टर

कोल्डरिग
ता. १२ सप्टेंबर १९२६

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच होतं. त्या सकाळी मी गेलो, जांभळं फूल पाहिलं आणि परत आलो. तुला कळवलं नाही. कमिटीलाही सांगितलं नाही. आता लागवड बदलता येणार नव्हती, दुसरं बेणं नव्हतं, आणि खरं सांगू तर मलाही वाटायला लागलं होतं की म्हातारा बरोबर असेल. कोपऱ्यात दोन वर्षं काही झालं नव्हतं ना. आणि तू पाठवलेल्या केर्स पिंकचं दीड पोतं त्यांनी खरंच शेजाऱ्यांना वाटलं होतं. पेटीतलं म्हणून पोत्यातलं दिलं, आणि पेटीतलं मधल्या पट्ट्यात लावलं.

गेल्या आठवड्यात खणायला घेतलं. बाजूच्या सऱ्या चांगल्या निघाल्या. मग मधला पट्टा. पहिल्या झाडाखाली फावडं घातलं आणि वासच आला. ताई, तो बटाटा नव्हता. फुलकोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी, काळं, ओलं, कुजलेलं. दुसऱ्या झाडाखाली तेच. मी सगळा पट्टा खणला, कारण एक तरी चांगला निघेल असं वाटत होतं. बाबा बादली घेऊन शेजारी उभे होते. शेवटी त्यांनी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसले.

कमिटी आली. खड्डा काढून सगळं चुना टाकून पुरलं. ज्याच्या तुकड्यात रोग पहिल्यांदा आला तो गार्बटच चुना आणायला गेला. वर्षअखेर तुकडा सोडायचा, असं कमिटीने ठरवलं. त्यांचं काही चुकलं नाही.

मी बाबांना त्या दिवशी जे बोललो ते तुला लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की नातवंडांच्या ताटातलं काढून तुम्ही मेलेल्या बाईला वाढलंत, असं मी म्हटलं. थिरझाने मला घराबाहेर काढलं. तेव्हापासून बाप-लेक एका खोलीत राहतो आणि बोलत नाही.

जे निघालंय ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जाईल. त्यानंतरचं ठाऊक नाही. ऑलिव्ह शुक्रवारी शाळेत चक्कर येऊन पडली. बाईंनी विचारलं सकाळी काय खाल्लंस, तर म्हणाली, आज माझा दिवस नव्हता. थिरझाच्या हे लक्षात आलं नव्हतं. पोरगी एक दिवसाआड स्वतःचं धाकट्या भावाला देत होती.

तुझ्याकडे मागायला लाज वाटते, म्हणून मागत नाही.

एनॉक

ब्रेहेड फार्म
ता. २० सप्टेंबर १९२६

चि. एनॉक यास,
अनेक आशीर्वाद.

लाज वाटते म्हणून मागत नाही हे वाक्य पुन्हा लिहिलंस तर मी स्वतः गाडीत बसून येईन आणि गार्बटच्या देखत तुझा कान पिळीन.

मजुरीबरोबर आम्हाला शेतमालकाकडून बटाट्याच्या ज्या सऱ्या मिळतात, त्यातला आमचा सगळा वाटा आज रवाना केला. सलगमही आहेत, आणि पीठ. आमचं भागेल. दाजींची मजुरी चालू आहे. कोठारातले बटाटे मालकाचे, मोजलेले, त्यांना हात लावता येत नाही. त्यावर दाजी इतके हळहळले की मला त्यांचीच समजूत काढावी लागली.

बाबांशी बोल. तू जे म्हणालास ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते परत घ्यायला हवं.

त्यांना सांग, घरामागचा डॉर्कस निघाला. पोतंभर आहे, एकालाही डाग नाही. माळ्यावर गवतात ठेवलाय, वसंतात पुन्हा लावीन. एवढं ऐकून त्यांना बरं वाटेल.

ऑलिव्हला माझा पापा दे. पत्र टाकत जा, तिकिटाचे पैसे पाठवतेय.

तुझी
हेस्टर

कोल्डरिग
ता. २४ ऑक्टोबर १९२६

चि. सौ. हेस्टर हिस,
आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. तुझ्या आईने लिहायचं, मी खाली सही करायचो.

तू पाठवलेलं संपत आलं. एनॉक तुला सांगणार नाही. काल तो खाणीच्या फाटकापर्यंत जाऊन आला. काही लोक मालकाच्या अटीवर आत जायला लागलेत, पोलीस त्यांना नेतात आणि बायका थुंकतात. तो आत गेला नाही. उभा राहून परत आला. बूट काढले नाहीत, तसाच बसून राहिला. पुढच्या वेळी तो आत जाईल. मग ह्या गावात त्याच्या पोरांशी कुणी बोलणार नाही, ती मोठी होईपर्यंत नाही. मी असं पूर्वी पाहिलंय.

तुझ्या माळ्यावर पोतं आहे. ते पाठव. सगळं पाठव. बेण्यासाठी एकही मागे ठेवू नकोस, टोपलीत नको, खिशात नको. तू म्हणशील थोडे ठेवते. नको. एक जरी कुठे राहिला तर मी तो मागवीन आणि पुन्हा लावीन. मी मला ओळखतो.

वॉल्टरला सांग, त्याचा केर्स पिंक चांगला निघाला. मी वाटून टाकला ते चुकलं.

तुझे बाबा
सायलस

ब्रेहेड फार्म
ता. २९ ऑक्टोबर १९२६

ती. बाबांस,
हेस्टरचा शि. सा. न.

पोतं आज गाडीवर चढवलं. तुम्ही सांगितलंत तसं सगळं.

खोटं लिहीत नाही. काल मी चार बाजूला काढले होते, एप्रनमध्ये गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवले होते. तुमच्या जावयांनी पाहिलं आणि पोत्याचं तोंड शिवायचं थांबवून बसून राहिले. मग मी ते चारही आणून आत टाकले. मला त्यांच्यावर फार राग आला. तुमच्यावरही आला.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ह्या लोकांचं बोलणंही समजत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात घरामागे जांभळी फुलं आली आणि मला वाटलं, चला, माहेरचं कुणीतरी सोबत आहे. पुढच्या वर्षी त्या ओळीत काय लावायचं ते मला सुचत नाही. तुम्हीच सांगा.

छातीला जपा. लेकीला विसरू नका.

तुमची
हेस्टर

कोल्डरिग
ता. २८ नोव्हेंबर १९२६

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

उद्या सोमवारपासून मी खाणीत जातोय. एकटा नाही, सगळे जातोय. आम्ही हरलो. मजुरी कमी, तास जास्त, जसं त्यांनी मे महिन्यात म्हटलं होतं तसंच, आणि काहींना तर परत घेणारही नाहीत. मी त्यांच्यात नाही. पण मान खाली घालून जायचं तर सगळ्यांबरोबर जातोय. मधल्या तीन आठवड्यांत मी फाटकाकडे गेलो नाही, ते तुझ्या पोत्यामुळे.

पोतं आलं त्या दिवशी बाबांनी कुणालाच सुरी दिली नाही. स्वतः चुलीपाशी बसले. एकेक बटाटा हातात फिरवून पाहायचे, पूर्वी बेणं निवडताना पाहायचे तसा, आणि मग सोलायचे. साल शेजाऱ्यांच्या डुकराच्या बादलीत टाकू दिलं नाही. कोंब फुटू शकेल असा प्रत्येक डोळा चुलीत गेला. थिरझाने मीठ घालून उकडले आणि जराशी चरबी होती ती वर सोडली. मोठा होता तो ऑलिव्हने आजोबांच्या ताटात ढकलला. मला वाटलं ते परत देतील. नाही दिला. सावकाश खाल्ला. मग म्हणाले, की मोठा त्यांनी कधी खाल्लाच नव्हता. मोठा बेण्याला नाहीतर गावच्या प्रदर्शनात जायचा. घरात फावड्याने कापलेले आणि गोट्यांएवढे यायचे, आणि आई तेच खाऊन चांगला आहे म्हणायची.

त्यावर मी त्यांना म्हटलं, की सप्टेंबरात बोललो ते मी परत घेतो. ते म्हणाले, "घेऊ नकोस. मीठ दे."

आम्ही रोज थोडे थोडे खाल्ले. ऑलिव्हच्या गालांवर जरा मांस आलंय. बाबांचं मात्र पंधरा दिवसांत फार उतरलं. डॉक्टर म्हणतात हिवाळा कठीण आहे. तुकड्याच्या फाटकाची किल्ली त्यांनी परवा गार्बटच्या हातात दिली, कमिटीने त्यालाच दिलाय तो. चार वाक्यं बोलले, सगळी केर्स पिंकबद्दल. तुझ्या ओळीबद्दल विचारलं तर म्हणाले, हेस्टरला सांग, तिथेही तोच लाव, चांगला आहे.

काल शेवटचे होते. ऑलिव्हने ताट पुढे करून आणखी मागितला. बाबांनी पातेलं तिच्याकडे कलतं करून दाखवलं.

"संपला," ते म्हणाले. "आता कुठेच नाही."

जमलं तर नाताळच्या आधी येऊन जा. बाबा काही म्हणत नाहीत, मी म्हणतोय.

तुझा
एनॉक